राब आणि अंगठा

सरकारचा पैसा आमच्या वाडीत पोचायच्या आधी त्याची बातमी पोचली, आणि बातमीच्या पाठोपाठ अफवा. बातमी अशी की, टाळेबंदीमुळं शेतकऱ्याचा दोन हजारांचा हप्ता यंदा लवकर खात्यात पडला आहे. अफवा अशी की, तो लगेच काढला नाही तर सरकार परत घेणार. बातमी खरी होती. अफवा साफ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे पटवता पटवता माझा घसा बसला. कुणालाही पटलं नाही. खात्यात पडलेला पैसा आमच्या लोकांना पैसा वाटतच नाही. हातात आला, कनवटीला लागला, की मग तो पैसा.

मी बचत गटातर्फे बँकेची प्रतिनिधी होते, अजूनही आहे. म्हणजे बँकेनं मला तळहाताएवढं एक मशीन दिलं आहे. माणसानं त्याच्यावर बोट ठेवायचं. मशीन ते बोट आधारशी जुळवून बघतं. जुळलं तर हिरवा दिवा लागतो आणि मी माझ्याजवळच्या रोकडीतून पैसे देते. नाही जुळलं तर लाल. गटातल्या बायकांनी मला या कामाला निवडलं, कारण मी महाडची, बारावी झालेली, आणि माझं तोंड चालतं. तोंड चालतं हे त्यांनी माझ्या तोंडावरच सांगितलं होतं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. प्रत्येक घर निम्मं मुंबईत आणि निम्मं इथं. त्या एप्रिलमध्ये एसटी बंद होती, वीर स्टेशनात एकही गाडी थांबत नव्हती, आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या उघड्या कातळावरून, कशेडी घाटात चढणारे ट्रक दिसायचे तेही दिसेनासे झाले होते. मुंबईहून माणसं हायवेनं चालत निघाली आहेत असं कळलं, तसं वाडीनं रस्त्यावर एक वठलेलं झाड आडवं टाकलं. देवळापुढं बैठक बसली आणि नियम ठरला. जो बाहेर जाईल तो परत आल्यावर चौदा दिवस शाळेत राहील, कुणाच्या घरात शिरणार नाही, विहिरीवर येणार नाही. आपलंच पोर दारात आलं तरी हाच नियम. मला तो नियम कडू वाटला होता, पण माणसं इतकी घाबरली होती की नियम नसता तर एकमेकांच्या अंगावर धावून गेली असती.

हप्त्याची बातमी आली त्या सकाळी माझी थोरली जाऊ सगळ्यांच्या आधी माझ्या अंगणात हजर.

"काय गो, माजा पैसा कदी काढून देतेस?"

"जाऊबाई, पैसा कुठं पळून जात नाही. खात्यात सुखरूप आहे."

"खात्यात हाय तर बैल खात्यात जुंपू का?"

मोठे दीर वारल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, म्हणून हप्ता तिच्याच नावावर यायचा. तिचा एकुलता मुलगा मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. हॉटेल बंद पडलं आणि त्याचं पैसे पाठवणं थांबलं. तो स्वतःच कोणाच्या तरी खोलीत दाटीवाटीनं राहत होता आणि एक वेळचं जेवण रांगेत उभा राहून घेत होता. त्याचा फोन आला की एकच धोशा. "आये, यंदा शेत पड टाक. रेशनचा तांदूळ मिळतोय ना? मग कशाला जीव काढतेस?"

जाऊबाईंचे बैल दोन वर्षांपूर्वीच विकले गेले होते. नांगरणीला त्या शेजारच्या वाडीतल्या एका बैलवाल्याला बोलवायच्या आणि भात झोडल्यावर त्याचे पैसे भागवायच्या. त्या वर्षी बैलवाल्यानं निरोप पाठवला की पैसे आधी हवेत. त्याचाही इलाज नव्हता. बैलांना पेंड आणायची तर दुकानदार रोख मागत होता. म्हणजे दोन हजार हातात आले तर शेत नांगरलं जाणार, नाही आले तर पड. जाऊबाईंच्या दृष्टीनं हिशोब एवढाच होता.

"या घरात आल्यापास्नं एक साल शेत पड नाय पडलं," त्या म्हणाल्या. "हे गेले त्या साली पण नाय. यंदा करोना म्हनून पडंल व्हय?"

मी बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं की मी पोलादपूरला बँकेत जाऊन रोकड घेऊन येते. लगेच कुजबुज सुरू झाली. जायला कोणाची हरकत नव्हती, हरकत होती ती परत यायला. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तू शाळेत ऱ्हाशील. पन अंगठं कशे लावायचं? शाळेत रेंज तरी हाय का?" हे खरंच होतं. वाडीत कुठंच रेंज नाही. रेंज मिळते ती वर सड्यावर, शिवेवरच्या देवाच्या दगडापाशी. तिथं उभं राहून आमची सगळी वाडी मुंबईशी बोलते. ती जागा वाडीत मोडत नाही आणि वाडीबाहेरही नाही. बराच वेळ वाद होऊन शेवटी ठरलं की शिवेच्या देवापुढं नियम मोडत नाही. मी शाळेतून सड्यावर यायचं, वाडीनं वाडीतून सड्यावर यायचं, आणि मध्ये अंतर ठेवायचं. देवाला नारळ देऊन टाकला, म्हणजे त्याचीही हरकत राहिली नाही.

रेशनच्या टेंपोतून मी खाली गेले. बँकेत रांग लावून रोकड घेतली. पोलादपूरच्या बाजारात चिटपाखरू नव्हतं. एरवी ज्या गर्दीला मी शिव्या देते ती गर्दी मला त्या दिवशी हवीहवीशी वाटली. संध्याकाळी आडव्या झाडावरून पिशवीसकट उडी मारून आत आले आणि सरळ शाळेत गेले. माझी उशी, पांघरूण आणि स्टोव्ह आधीच कोणीतरी शाळेच्या ओट्यावर ठेवून गेलं होतं. नवरा मुंबईत अडकलेला, मुलं नाहीत, त्यामुळं माझी वाट बघणारंही कोणी नव्हतं. मी दार लावलं आणि पहिल्यांदा स्वतःची कीव केली. मग चहा केला.

दुसऱ्या दिवशी सड्यावर चुन्याचे गोल काढून माणसं उभी केली. आधी मी माझा अंगठा लावला, कारण मशीन उघडायलाही प्रतिनिधीचं बोट लागतं. मग एकेकाला बोलवायला लागले. बोट सॅनिटायझरनं पुसायचं, वाळू द्यायचं, लावायचं. कोणाचं पहिल्याच वेळी जुळायचं. कोणाचं जुळायचं नाही, मग मी सांगायचे, कपाळाला बोट पुसा, जरा तेलकट होऊ द्या, आता लावा. म्हातारे पुरुष कपाळं पुसत होते आणि बायका पदराआड हसत होत्या. सड्यावर जत्रा भरल्यासारखं झालं होतं. इतक्या दिवसांनी सगळे एकमेकांना बघत होते, लांबूनच का होईना. मी रागीट चेहरा करून बसले होते, पण मलाही बरं वाटत होतं.

जाऊबाईंची पाळी आली. उजवा अंगठा. लाल. कपाळाला पुसून पुन्हा. लाल. तर्जनी, मधलं बोट, डावा हात, सगळी बोटं झाली. मशीन दर वेळी तेच सांगत होतं, पुन्हा प्रयत्न करा. एकदा सॅनिटायझर लावताना त्यांनी हात झटकन मागं घेतला. तेव्हा मी त्यांचा हात नीट बघितला.

तो राबाचा महिना होता. भाताची रोपं जिथं टाकायची तो जमिनीचा तुकडा आमच्याकडं आधी भाजून घेतात. शेण पसरायचं, त्यावर हिवाळ्यात तोडून वाळवलेली कवळं, म्हणजे ऐनाच्या वगैरे फांद्या, त्यावर पालापाचोळा, आणि वरून बारीक माती हातानं चुरून दाबायची. मग पेटवायचं. त्यानं तण मरतं आणि रोप जोमानं उठतं. एरवी या कामाला घरं एकमेकांच्या राबावर जातात, आज तुझा, उद्या माझा. त्या वर्षी कुणी कुणाच्या जवळ जायला तयार नव्हतं, म्हणून जाऊबाई एकट्याच ढेकळं फोडत होत्या, कवळं ओढत होत्या. त्यांच्या बोटांच्या पेरांवर रेषा उरल्याच नव्हत्या. कातडी घासून गुळगुळीत झाली होती, तिला भेगा पडल्या होत्या आणि भेगांत राख गेली होती.

शेतकरी म्हणून पैसा आला होता आणि शेती केलेलं बोट मशीनला चालत नव्हतं. मला रडायला आलं. मला रडायला आलं की मी भांडते.

"सांगत होते हात जपा म्हणून! आता आठ दिवस कामाला हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावायचं, हात फडक्यात गुंडाळून बसायचं. कातडी भरून आली तरच बोट लागेल."

"आनि राब कोन भाजील?"

"नाही भाजला तर नाही भाजला!"

"राब नाय तर रोप नाय. मग बैलवाला काय माजी पाठ नांगरील?"

"मग बँकेत चला. तिथं कागदावर शाईचा अंगठा चालतो."

"आनि येऊन चौदा दिस शाळंत बसू? तवर राब ऱ्हाईल, पावसाच्या आत भाजायचा कदी?"

राब भाजला तर बोट नाही, बोट जपलं तर राब नाही. चुन्याच्या गोलांत उभी असलेली अख्खी वाडी आमच्याकडं बघत होती. कुणाच्या तरी तोंडून निघालं, "ऱ्हाऊ दे म्हातारे यंदा, पोरगा सांगतो ते ऐक." ते ऐकून जाऊबाईंनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी त्यांना मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात सणक गेली.

"मी भाजते तुमचा राब," मी ओरडले.

सडा हसायला लागला. हसण्यासारखंच होतं. मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं की मी शेतात उतरणार नाही, आणि तो शब्द मी नेटानं पाळला होता. आमच्या वाट्याचं जे काही शेत होतं ते दुसऱ्याला करायला दिलं होतं. जाऊबाईही हसल्या.

"तू? शेनाचा वास आला तर नाकाला पदर लावतेस."

"पदर लावून भाजीन. तुम्ही बांधावर बसून सांगायचं. हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

त्यांचं शेत वाडीच्या बाहेर, शाळेच्या पलीकडच्या उतारावर. तिथं जायला मला बंदी नव्हती. असंही शाळेत बसून मी भिंतीवरचे पाढे वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधावर येऊन बसल्या. दोन्ही हात तेलात माखलेले आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले. शेजारीण त्यांना भात करून देणार होती, भांडी घासणार होती. मी लांब उभी, त्या लांब बसलेल्या, आणि मधल्या हवेतून त्यांचा आवाज.

"शेन असं नाय फेकायचं, काय देवाला फुलं वाहतेस? दाबून पसर."

"कवळ आडवं टाक. आडवं! अगो, बाईमाणसाला आडवं-उभं कळत नाय?"

"जाऊबाई, मी बारावी झालेय."

"मग बारावीवाल्या आडवं टाकतात तसं टाक."

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझी कंबर गेली. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी फोड फुटले. मी शिव्या देत होते. शेणाला देत होते, मशीनला देत होते, दिल्लीपासून पोलादपूरपर्यंत दिसेल त्याला देत होते. पण थांबले नाही, कारण बांधावर ती बाई हात बांधून बसली होती आणि तिच्या जिवाची तगमग मला दिसत होती. ढेकूळ मोठं राहिलं की तिचे खांदे हलायचे. एकदा न राहवून ती उठली आणि पायानंच ढेकूळ फोडायला लागली. मी बसायला सांगितलं, तर म्हणाली, "पायाचा अंगठा मागत नाय ना तुजं मशीन?" मी मुकाट्यानं तिला पायानं ढेकळं फोडू दिली.

संध्याकाळ उतरायला लागली की ती वाडीकडं जायची आणि मी शाळेत. अंगाला धुराचा आणि शेणाचा वास मुरला होता. ज्या शाळेच्या खिडकीतून मी आधी दिवस मोजत होते तिथून आता मी आभाळाकडं बघायला लागले. ढग दिसला की उठून दारात यायचे. वळवाचा एक शिपका आला असता तरी अंथरलेला राब भिजला असता. शेतकऱ्याच्या घरात इतकी वर्षं काढली, पण ढगाची अशी भीती मला पहिल्यांदाच वाटली.

पेटवायच्या दिवशी मी एक मोठी चूक केली. राब वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा असतो, म्हणजे विस्तव वाऱ्याविरुद्ध सावकाश पुढं सरकतो आणि खालची माती भाजली जाते. मी घाईत वाऱ्याच्या बाजूनंच काडी लावली. जाळ भस्सकन उठला, एका कोपऱ्यातला पालापाचोळा वरच्या वर जळून गेला आणि खालची माती तशीच थंड राहिली. बांधावरून शिव्यांची अशी सरबत्ती झाली की मला माहेर आठवलं. त्या कोपऱ्यावर पुन्हा सगळे थर घालावे लागले. कवळं संपली होती, म्हणून मी रानातून सुका पाला गोळा करून पाठीवर आणला. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला वाऱ्याची दिशा ओळखायला शिकवलं. मूठभर कोरडी माती वर उडवायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. या वेळी राब धुमसत, सावकाश भाजला. आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या राहून तो शेवटपर्यंत बघितला. मला अभिमान वाटला, आणि तो लपवायचं मला सुचलंही नाही.

"बरा भाजला," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक कोणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

ठरल्या दिवशी पुन्हा सड्यावर चुन्याचे गोल पडले. पहिल्या वेळी राहिलेले लोक आले होते, शेजारच्या वाडीतलेही आले होते. त्यांतच तो बैलवालाही आपला हप्ता काढायला उभा होता. जाऊबाई सगळ्यांत पुढं. त्यांनी हातावरचं फडकं सोडलं. बोटं भरून आली होती, भेगा मिटल्या होत्या. मी मशीन काढलं, माझा अंगठा पुसला आणि लावला.

लाल.

मला वाटलं रेंज गेली. पुन्हा लावला. लाल. तर्जनी लावली, मधलं बोट लावलं. लाल, लाल. मी माझा हात उलटा करून बघितला. फुटलेले फोड, सोललेली कातडी, पेरांत काळी राख. प्रतिनिधीचं बोट जुळल्याशिवाय मशीन उघडत नाही आणि मशीन उघडल्याशिवाय कुणाचंच बोट घेता येत नाही. सड्यावर इतकी माणसं उभी, पिशवीत रोकड तयार, आणि मशीन मलाच ओळखायला तयार नाही.

आधी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग जाऊबाईंच्या आलं.

"लागत नाय?"

मी मान हलवली. मी तिचे हात वाचवायला गेले होते आणि उरलेल्या सगळ्यांचा पैसा अडकवून बसले होते. पुन्हा आठ दिवस गेले तर बैलवाला दुसरीकडं लागणार होता.

मग सल्ले सुरू झाले. "कपाळाला पुस!" "तेलकट होऊ दे, मग लाव!" "सॅनिटायझर नको लावू गो, चुरचुरतंय!" मी लोकांना जे जे सांगितलं होतं ते सगळं माझ्यावर उलटलं. एरवी मी एकेकाला धरून फाडलं असतं. त्या दिवशी मी गुमान कपाळाला बोटं पुसत होते. उजवा हात संपला. डावा अंगठा, लाल. डावी तर्जनी, लाल. मधलं बोट, लाल. जाऊबाई आपला गोल सोडून दोन पावलं पुढं आल्या. कुणी त्यांना नियम सांगितला नाही.

डाव्या हाताची अनामिका उरली होती. त्या बोटाला कामात फारसं कोणी विचारत नाही, म्हणून त्याची कातडी जरा शाबूत होती. मी ते कपाळावर घासलं, श्वास धरला आणि ठेवलं.

हिरवा.

सड्यावर जो ओरडा उठला तो खाली वाडीत राहिलेल्यांनीही ऐकला, असं नंतर कळलं. मी आधी डोळे पुसले, मग जाऊबाईंकडं मशीन धरलं. त्यांचा अंगठा लाल आला. त्या मात्र शांत होत्या. "थांब," म्हणाल्या, मधलं बोट कपाळाला पुसलं आणि ते लावलं. हिरवा दिवा लागला. मी दोन हजार त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते मोजले नाहीत, कनवटीलाही लावले नाहीत. चार पावलं चालून गेल्या आणि बैलवाल्यापुढं एक दगड होता त्यावर ठेवून, वर खडा ठेवून मागं सरल्या. त्यानं उचलले.

"रोप टाकलं का तुला निरोप धाडते," त्या त्याला म्हणाल्या. तो बरं म्हणाला.

मग त्यांनी कमरेचा फोन काढून माझ्याकडं दिला. "पोराला लाव." त्यांना फोन कानाला धरून बोलणं जमत नाही, म्हणून मी तो स्पीकरवर टाकून देवाच्या दगडावर ठेवला. पलीकडून मुलाचा आवाज आला, थकलेला.

"आये, पैसे आलं काय गो?"

"आलं."

"मग खायाला ठेव. नांगराला देऊ नको, मी सांगतो ते ऐक. यंदा काय कुणाचं खरं नाय."

"दिलं."

"कुनाला?"

"बैलवाल्याला. हा काय समोर उभा हाय."

फोनमधून मुलाच्या खोलीतल्या माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी खोकत होतं. सड्यावरची माणसं आपापल्या गोलांत हलायची थांबली होती. त्यांतल्या बहुतेकांचं कोणी ना कोणी अशाच खोलीत अडकलेलं होतं.

"तुला ये म्हनत नाय मी," जाऊबाई दगडावरच्या फोनकडं वाकून बोलल्या. "रस्ता बंद हाय, मला ठाव हाय. तू आलास तर ही मानसं तुला शाळंत ठेवतील, त्ये पन ठाव हाय. पन शेत बंद नाय. रस्ता उघडंल तवा ये. तुजं शेत पड नसंल."

मला वाटलं फोन कट झाला, मी उचलायला हात पुढं केला. तेवढ्यात त्याचा आवाज आला, आता वेगळा, लहान मुलासारखा.

"आये, ओढ्याकडचं खाचर पन लावनार हायस?"

"सगळी लावनार," जाऊबाई म्हणाल्या.